गाडीचा ॲक्सल बदलण्याआधी

थारचे पुढचे सस्पेन्शन काढून तिथे जुन्या जीपचा सॉलिड ॲक्सल टाकता येतो का? बोलेरोला पुढे पाटे बसतात का? आरटीओत अडवतील का? विमा मिळेल का? पावसाळा तोंडावर आला की हसनाबाद, राजूर, भोकरदन या पट्ट्यातले वाचक हे प्रश्न हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहेत. आपली जमीन काळी. गिरिजा नदीच्या खोऱ्यातल्या शेतरस्त्यांचा एका दमदार पावसात चिखल होतो, आणि मका-कपाशीला खत पोचवायचे दिवसही नेमके तेच. गाडी रुतली की ट्रॅक्टरवाल्याच्या विनवण्या कराव्या लागतात. अशात मोबाइलवर खडकांवरून चढणाऱ्या उंच जीपचे व्हिडिओ पाहिले की आपल्या गाडीलाही तसेच करून घ्यावे, असे वाटणारच.

माझे मत आधीच सांगतो, म्हणजे घाईत असलेल्यांचा वेळ वाचेल. जी गाडी रोज रस्त्यावर चालते, तिचा ॲक्सल बदलू नका. सॉलिड ॲक्सल हवाच असेल तर कारखान्यातून तशीच आलेली गाडी घ्या. अदलाबदल करायचीच असेल तर ती फक्त स्पर्धेच्या, बंद मैदानावर चालणाऱ्या गाडीत करा, आणि मग अर्धवट करू नका. असे का म्हणतो, ते पुढे वाचा.

तुमच्या गाडीखाली आज काय आहे?

अनेकांना आपल्या गाडीत नेमके काय आहे, हे माहीत नसते. गाडीखाली वाकून एकदा पाहा. पुढच्या दोन्ही चाकांना जोडणारी एकच जाड नळी आणि तिच्यात डिफरन्शियलचा गोळा दिसला तर तो सॉलिड ॲक्सल. प्रत्येक चाक आपापल्या आर्मवर वरखाली होत असेल आणि डिफरन्शियल चॅसीला बांधलेले असेल तर ते स्वतंत्र सस्पेन्शन.

- थार सीआरडीई (२०१० पासूनची जुनी थार): पुढे टॉर्शन बारवरचे स्वतंत्र सस्पेन्शन, मागे सॉलिड ॲक्सल आणि पाटे.
- थार डीआय: दिसायला तशीच, पण पुढे-मागे पाटे. फोर बाय फोर मॉडेलला पुढेही सॉलिड ॲक्सल.
- २०२० नंतरची थार: पुढे स्वतंत्र, मागे सॉलिड ॲक्सल. दोन्हीकडे कॉइल स्प्रिंग.
- एमएम ५४० आणि त्या घराण्यातल्या जुन्या महिंद्रा जीप: पुढे-मागे सॉलिड ॲक्सल, पुढे-मागे पाटे.
- मारुती जिप्सी: तीच रचना.
- मारुती जिम्नी (२०२३ पासून): पुढे-मागे सॉलिड ॲक्सल, पण कॉइल स्प्रिंगवर.
- फोर्स गुरखा: २०२१ च्या मॉडेलपासून पुढे स्वतंत्र सस्पेन्शन. त्याआधीच्या गुरखाला पुढेही सॉलिड ॲक्सल.

बोलेरोवाल्यांसाठी वेगळे सांगतो. आपल्याकडच्या बहुतेक बोलेरो फक्त मागच्या चाकांवर चालतात. त्यांना पुढच्या चाकांकडे ताकद नेणारा ट्रान्सफर केसच नाही. अशा गाडीला पुढे जीपचा ॲक्सल टाकला तरी पुढची चाके ओढणार नाहीत. वजन वाढेल, स्टिअरिंग बिघडेल आणि चिखलात गाडी आधीइतकीच फसेल. हा बेत सरळ सोडून द्या.

गाडी अडकते कशामुळे?

शेतरस्त्यावर ट्रॅक्टर फिरून दोन खोल चाकोऱ्या पडतात आणि मध्ये मातीचा उंच पट्टा राहतो. गाडीची चाके चाकोरीत उतरली की पोट त्या पट्ट्याला टेकते आणि चाके जागीच फिरू लागतात. आता इथे सॉलिड ॲक्सलचा उपयोग किती, ते पाहा. सॉलिड ॲक्सलमध्ये डिफरन्शियलचा गोळा चाकांबरोबरच खाली असतो. पाटे कितीही उंच केले, बॉडी कितीही वर नेली, तरी गोळ्याखालची जागा तेवढीच राहते. ती फक्त टायरच्या व्यासाने वाढते. म्हणजे खोल चाकोरीत स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीचे पुढचे डिफरन्शियल उलट जरा वरच असते, आणि सॉलिड ॲक्सलचा गोळा मधल्या पट्ट्यात नांगरासारखा घुसतो.

सॉलिड ॲक्सल खरा कामाला येतो तो खडक, ओढ्याची दरड, मोठे बांध अशा ठिकाणी. एक चाक वर दाबले गेले की दुसरे आपोआप खाली ढकलले जाते, त्यामुळे चारही चाके जमिनीला धरून राहतात. मजबुतीही जास्त. पण हसनाबादच्या काळ्या चिखलात बहुतेक गाड्या अडकतात त्या चांगले टायर आणि लॉकिंग डिफरन्शियल यांच्या अभावी. म्हणून पैसे खर्च करण्याआधी या क्रमाने जा:

1. टायर. झिजलेल्या रस्त्याच्या टायरांवर काळी माती थापली जाते आणि टायर गुळगुळीत होतो. कंपनीने तुमच्या मॉडेलला मान्य केलेल्या मापातच खोल नक्षीचे टायर घ्या. निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच मिटतील, असे मला खात्रीने वाटते.
2. हवा. चिखलात शिरण्याआधी थोडी हवा कमी करा, डांबरी रस्त्यावर येताच परत भरा. गाडीत छोटा कॉम्प्रेसर आणि हवा मोजायचे मीटर ठेवा.
3. लॉकिंग डिफरन्शियल. २०१५ च्या सुधारित थार सीआरडीईला मागे मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल कंपनीतूनच येत असे. जुनी गाडी बदलून ती घेणे हे ॲक्सल बदलण्यापेक्षा स्वस्त आणि कायदेशीर पडते.
4. बुश, शॉकॲब्सॉर्बर, पाटे. पाट्यांची पाने चपटी झाली असतील, शॉक गळत असतील तर आधी मूळ मापाचे नवीन घाला. गाडीची हरवलेली उंची तिथेच परत मिळते.
5. दोर आणि शॅकल. ओढायचा चांगला दोर आणि चॅसीला पक्का बांधलेला हूक असला की ट्रॅक्टरवाल्याचेही काम सोपे होते.

एक चूक मात्र करू नका. थार सीआरडीईचा टॉर्शन बारचा बोल्ट आवळून पुढची बाजू उंच करून देणारे मेकॅनिक गावोगाव आहेत. त्याने गाडी उभी दिसते, पण चाकाला खाली यायला जागा उरत नाही. साइड शाफ्ट तिरका चालतो, त्याचे रबरी बूट फाटतात, ग्रीस बाहेर आणि चिखल आत जातो. महिन्या-दोन महिन्यांत पुढून कटकट असा आवाज यायला लागतो, आणि मग "आता सॉलिड ॲक्सलच टाका" असा सल्ला मिळतो. पहिली चूक दुरुस्त करायला दुसरी मोठी चूक करू नका. बोल्ट मूळ जागी आणा आणि बूट बदला.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलांशी नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील जुळणार नाहीत, असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी के. जयचंद्र प्रकरणात हे अधिक स्पष्ट केले. निर्मात्याच्या मूळ रचनेपासून गाडी वेगळी करता येणार नाही, हे त्या निकालाचे सार. रंगासारखा बदल परवानगी घेऊन करता येतो. सस्पेन्शनचा प्रकार बदलणे ही रचनेतच केलेली ढवळाढवळ आहे.

२०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १८२-ए (४) मालकावर थेट जबाबदारी टाकते. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलाला' हे शब्द नीट वाचा. ॲक्सल, वाढवलेली उंची, मडगार्डच्या बाहेर आलेले टायर हे वेगवेगळे मोजले जाऊ शकतात.

"आमच्याकडे एआरएआयची मान्यता आहे" असे सांगून किट विकणारे भेटतील. पुण्याची एआरएआय आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई या चाचणी संस्था निर्मात्याच्या नमुन्याला मान्यता देतात. दिव्याला किंवा एखाद्या सुट्या भागाला मिळालेले प्रमाणपत्र तुमच्या गाडीचा अख्खा ॲक्सल बदलायला लागू होत नाही. मान्यतेचा कागद मागा. त्यात तुमचे मॉडेल आणि हाच बदल लिहिलेला आहे का, ते पाहा. नसेल तर त्या कागदाचा तुम्हाला उपयोग नाही.

शंका उरलीच तर काम करण्याआधी जालन्याच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात लेखी अर्ज द्या. गाडी कोणती, काय काढणार, काय बसवणार, हे साध्या मराठीत लिहा, पोच घ्या आणि उत्तर येईपर्यंत बोल्टला हात लावू नका. नकार आला तर तुमचा खर्च फक्त एका फेरीचा. तोंडी "चालतंय, बघू" हे उत्तर धरून चालू नका.

आधीच बदल केलेली गाडी पकडली गेली तरी तुम्हाला काही हक्क आहेत:

- कलम ५३ खाली नोंदणी निलंबित करण्यापूर्वी कार्यालयाने तुम्हाला नोटीस देऊन म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे, आणि कारणे लेखी नोंदवली पाहिजेत.
- त्या आदेशाविरुद्ध कलम ५७ खाली ३० दिवसांत अपील करता येते. आदेश मिळाल्याची तारीख जपून ठेवा.
- मूळ भाग परत बसवून गाडी तपासणीला नेणे हा सर्वांत सरळ मार्ग. म्हणूनच काढलेले मूळ आर्म, टॉर्शन बार, साइड शाफ्ट भंगारात घालू नका.

विम्याचेही तसेच. बदल कंपनीला कळवला नसेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारायला तिला कारण मिळते. अपघातात दुसऱ्याला इजा झाली तर त्याला दिलेली भरपाई तुमच्याकडून वसूल करण्याचा प्रयत्न होऊ शकतो. शेती विकायची वेळ आणणारे संकट हेच, दंड नव्हे. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचीही संमती लागते.

कारखान्यातूनच सॉलिड ॲक्सल असलेली जुनी गाडी घेताना

सॉलिड ॲक्सल हवाच असेल तर माझ्या मते आपल्या भागातल्या शेतकऱ्याला हाच पर्याय सर्वांत योग्य आहे. एमएम ५४० किंवा जिप्सीला त्याच मॉडेलचा दुसरा ॲक्सल बसवणे ही दुरुस्ती आहे, बदल नव्हे. पाटे, बुश, क्रॉस हे भाग जालना आणि छत्रपती संभाजीनगरच्या बाजारात विचारले की मिळतात, आणि या गाड्या खोलणारे हात अजून गावोगाव आहेत.

कागद आधी पाहा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या चारचाकीच्या नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाडीसाठी ते १०,००० रुपयांवर नेले. शिवाय पर्यावरण कर लागतो. व्यवहाराच्या दिवशीचा दर परिवहन पोर्टलवर पाहून घ्या आणि ती रक्कम किमतीतून वळती करून बोला. चॅसीवर कोरलेला नंबर कागद ठेवून पेन्सिलने घासून घ्या आणि आरसीशी अक्षरन् अक्षर जुळवा. लष्कराच्या लिलावातली गाडी असेल तर लिलावाच्या कागदांपासून आजच्या मालकापर्यंतची साखळी पूर्ण असली पाहिजे.

मग पुढच्या ॲक्सलकडे या. इथे घाई करू नका. जुन्या जीप आणि जिप्सीच्या पुढच्या ॲक्सलच्या टोकाला, चाकाच्या आतल्या बाजूला, एक मोठा गुळगुळीत लोखंडी गोल असतो. चाक वळते तेव्हा नकल या गोलावरून फिरते आणि मागचे सील त्याला पुसत राहते. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा आणि त्या गोलावर बोट फिरवा. गंजाचे खड्डे लागले तर सील नवे घातले तरी टिकणार नाही. ग्रीस बाहेर येईल, चिखलाचे पाणी आत जाईल आणि आतला जॉइंट खाऊन टाकील. तो भाग चमकत असेल, त्यावर ग्रीसचा पातळ थर असेल तर मागच्या मालकाने गाडी जपली आहे.

त्यानंतर:

- पुढची बाजू जॅकवर उचला. चाक वरून आणि खालून धरून हलवा. सहायकाला नकलकडे बघायला सांगा. हालचाल तिथे दिसली तर किंगपिनचे बेअरिंग गेले, हबपाशी दिसली तर हबचे बेअरिंग.
- फोर व्हील मातीवरच टाकून पाहा, डांबरावर नाही. पुढची दोन्ही चाके ओढतात का, ते बाहेर उभे राहून पाहा. पुढे फ्री व्हील हब असतील तर ते आधी लॉक करा.
- पाट्यांची पाने मोजा. कोणी जादा पाने घातली असतील तर गाडी माल वाहत होती, हे ओळखा.
- चॅसीचे पाटे टांगलेले कोपरे हातोडीने हळू ठोका. खणखणीत आवाज हवा. बद्द आवाज आला तर आत गंज आहे.
- ॲक्सलच्या नळीवर वेल्डिंगच्या रेषा दिसल्या तर का, ते विचारा. वाकलेली नळी सरळ केलेली असू शकते.

स्पर्धेची गाडी बांधायची असेल तर

गोव्यात २०१४ पासून होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंज इंडियासारख्या स्पर्धांनी मराठी मुलांनाही या खेळाची ओढ लावली आहे, आणि ती मला मनापासून आवडते. अशी गाडी बांधायची तर आधी त्या स्पर्धेची नियमावली मागवा. रोल केज, सीट बेल्ट, विंच, टायरचे माप यांचे नियम आयोजक आणि एफएमएससीआय ही देशातली मोटार क्रीडा संघटना ठरवतात. रचना नियमानुसार करा, बांधून झाल्यावर नियम वाचू नका. आणि ही गाडी स्पर्धेपर्यंत ट्रेलरवर किंवा ट्रकमध्ये जाईल, हे पहिल्याच दिवशी खर्चात धरा.

१ एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचे आहे. तशी गाडी यासाठी निवडू नका. चाकावरचे सेन्सर जुन्या ॲक्सलवर बसत नाहीत आणि ब्रेकची सगळी यंत्रणा गोंधळते.

कामाचा क्रम असा ठेवा.

टायर आधी ठरवा. उंची, मडगार्डची कापाकापी, क्राउन-पिनियनचे प्रमाण, सगळे टायरवरून ठरते. आधी उंची वाढवून मग टायर शोधणारे दोनदा खर्च करतात.

ॲक्सल विकत घेण्याआधी मोजा. भंगारात ॲक्सल दिसला की पैसे देऊ नका. टेप, कागद आणि पेन घेऊन जा:

1. डिफरन्शियलचा गोळा डावीकडे आहे की उजवीकडे? तुमच्या ट्रान्सफर केसचा पुढचा शाफ्ट ज्या बाजूने निघतो, त्याच बाजूला तो हवा.
2. एका हबच्या तोंडापासून दुसऱ्या हबच्या तोंडापर्यंत रुंदी किती? मागच्या ॲक्सलपेक्षा फार वेगळी नको.
3. क्राउन आणि पिनियनचे दात मोजा. क्राउनला ४३ आणि पिनियनला ८ दात म्हणजे ५.३८ चे प्रमाण. ३९ आणि ८ असतील तर ४.८८. पुढचे आणि मागचे प्रमाण एकच हवे. वेगळे असले तर फोर व्हीलमध्ये ट्रान्सफर केस आणि शाफ्ट एकमेकांशी झगडतील आणि काहीतरी तुटेल.
4. चाकाच्या बोल्टांचे माप पाहा. जुनी जीप आणि जिप्सी यांचे पाच बोल्ट १३९.७ मिलिमीटरच्या वर्तुळावर असतात.
5. ब्रेक डिस्क आहे की ड्रम? तुमच्या गाडीला पुढे डिस्क असेल आणि हा ॲक्सल ड्रमचा असेल तर डिस्कचे रूपांतर कसे होणार, याचे उत्तर आधी मिळवा. ब्रेक मूळ गाडीपेक्षा कमी दर्जाचा होत असेल तर तो ॲक्सल सोडून द्या.

विकणाऱ्याकडून पावती घ्या आणि ॲक्सल ज्या गाडीचा आहे तिच्या आरसीची प्रत मागा. अधिकृत वाहन भंगार केंद्रातून घेतला तर सर्वांत उत्तम. चोरीच्या गाडीचा भाग निघाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ चे लचांड तुमच्या मागे लागते.

पाटे की कॉइल? पहिली गाडी बांधत असाल तर पाटेच ठेवा. पाटा एकाच वेळी वजनही पेलतो आणि ॲक्सलला जागेवरही धरतो. कॉइल स्प्रिंग फक्त वजन पेलते. मग ॲक्सल धरून ठेवायला पुढे-मागे लिंक आणि आडवा पॅनहार्ड रॉड लागतो. त्यांची लांबी, कोन आणि चॅसीवरची जागा चुकली की गाडी ब्रेक लावताना भलतीकडे ओढते. कॉइलवर गाडी आरामात चालते हे खरे, पण ती रचना अनुभवी माणसाकडूनच करून घ्या. पाट्यांत दोन पर्याय आहेत. पाटा ॲक्सलखाली राहिला तर गाडी ठेंगणी आणि स्थिर. ॲक्सलवर नेला तर चार-पाच इंच उंची मिळते, पण गाडी उलटण्याचा धोका वाढतो आणि जोर लावला की पाटा पिळतो. शॅकल मागच्या टोकाला ठेवला तर आदळ्यात ॲक्सल मागे सरकून धक्का गिळतो. मात्र तेव्हा पुढचा प्रॉपेलर शाफ्ट जास्त दबतो, त्याच्या स्प्लाइनला तेवढी जागा ठेवा.

स्प्रिंगशिवाय मांडून पाहा. हा टप्पा वाचवू नका. ॲक्सल टाके मारून तात्पुरता बसवा, पाट्यांचे फक्त मुख्य पान ठेवा आणि जॅकने एक बाजू पूर्ण वर, दुसरी पूर्ण खाली करा. मग उलट करा. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा. टायर कुठे घासतो, गोळा इंजिनच्या तळाला लागतो का, ब्रेकचा पाइप ताणतो का, प्रॉपेलर सुटतो का, हे सगळे इथेच दिसते. बंप स्टॉप कुठे हवा, तेही इथेच ठरवा. चिखलात ते दिसले तर उशीर झालेला असतो.

स्टिअरिंगवर सर्वांत जास्त वेळ द्या. माणूस मरतो तो इथे. गाडी उंच झाली की स्टिअरिंग बॉक्सपासून नकलकडे जाणारा ड्रॅग लिंक तिरका होतो. मग चाक खड्ड्यात गेले की स्टिअरिंग न फिरवताच गाडी वळते. ड्रॅग लिंक शक्य तितका आडवा ठेवा. त्यासाठी नकलवरचा आर्म वर घ्यावा लागतो. कॉइलची गाडी असेल तर ड्रॅग लिंक आणि पॅनहार्ड रॉड एकमेकांना समांतर आणि जवळजवळ सारख्या लांबीचे हवेत.

दुसरी गोष्ट कॅस्टरची. किंगपिनची रेषा वरच्या टोकाला थोडी मागे कललेली हवी, साधारण चार ते सहा अंश. त्यामुळे वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होते. पण ॲक्सल फिरवून कॅस्टर वाढवला की पिनियनचे तोंड खाली जाते आणि प्रॉपेलरचा क्रॉस वाकडा चालतो. दोन्ही एकदम साधत नसेल तर नकलचा आतला भाग नळीवरून कापून, फिरवून पुन्हा जोडावा लागतो. हे काम ओळखीच्या वेल्डरचे नाही. वेगात पुढची चाके थडथडायला लागली की स्टिअरिंग डॅम्पर घालून आजार झाकू नका. किंगपिन, टाय रॉडची टोके, बुश आणि कॅस्टर तपासा.

वेल्डिंग. आपल्याकडे ट्रॉल्या बांधणारे कारागीर उत्तम आहेत. पण ट्रॉलीला चालणारा ६०१३ नंबरचा रॉड पाट्याच्या हँगरला वापरू नका. तिथे ७०१८ रॉड लागतो, तो कोरडा आणि गरम ठेवलेला असावा. नकल आणि डिफरन्शियलचे हौसिंग ओतीव असतात. आधी तापवल्याशिवाय आणि हळू निवू दिल्याशिवाय त्यांच्यावर केलेला जोड फुटतो. चॅसीवर आडवा जोड देऊ नका, पट्टी लावून ताण पसरवा. वेल्डिंगआधी बॅटरी आणि इंजिनच्या कंट्रोलरचे प्लग काढा.

मागचे विसरू नका. पुढे नवे ताठ पाटे आणि मागे जुने दमलेले, अशी गाडी ब्रेक लावताच नाक टेकते. शॉकॲब्सॉर्बर, बंप स्टॉप, ब्रेकचे लांब पाइप मागेही बदला. दोन्ही प्रॉपेलर लेथवर लांबी जुळवून बॅलन्स करून घ्या.

वर्कशॉपशी व्यवहार

- कामाचा अंदाज लेखी घ्या. ॲक्सल, पाटे, स्टिअरिंग, ब्रेक, प्रॉपेलर, लेथचे काम, मजुरी अशी वेगवेगळी ओळ हवी. 'सगळे मिळून' असा आकडा मान्य करू नका.
- अंदाजाच्या वर निदान एक तृतीयांश रक्कम बाजूला ठेवा. उघडल्यावर लागणारे बुश, बेअरिंग आणि बोल्ट कुठल्याच अंदाजात नसतात.
- पैसे टप्प्याटप्प्याने द्या. शेवटचा हप्ता चाचणीनंतर.
- प्रत्येक टप्प्याचे फोटो काढा, विशेषतः वेल्डिंग रंगाखाली झाकण्याआधी.
- जीएसटी बिल घ्या. काढलेले मूळ भाग मागून घ्या. ते तुमचेच आहेत.

सेवेत कसूर झाली तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दोन वर्षांच्या आत जालन्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. मात्र रस्त्यावरच्या गाडीत बेकायदा बदल करून घेतला आणि मग काम वाईट झाले म्हणून तक्रार केली, तर तुमचीच बाजू लंगडी पडते. हेही रस्त्याच्या गाडीला हात न लावण्याचे एक कारण.

पहिला दिवस

पहिल्या चालीला माल भरू नका, माणसे बसवू नका. मोकळ्या, सपाट वावरात कमी वेगात ब्रेक मारून पाहा. गाडी एकीकडे ओढते का? मग एक चाक बांधावर चढवून तेच कोन पुन्हा पाहा, जे वर्कशॉपमध्ये पाहिले होते. परत आल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळा. नवे पाटे बसले की ते हमखास सैल होतात, आणि सैल यू-बोल्टमुळे पाट्याची मधली पिन तुटून ॲक्सल तिरका होतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा आवळा. हबला हात लावून पाहा, एकच बाजू तापत असेल तर बेअरिंग जास्त घट्ट आहे किंवा ब्रेक सुटत नाही.

तुमची गाडी आठवडी बाजारालाही जात असेल आणि शेतालाही, तर यंदाच्या पावसाआधी ॲक्सलचा विचार बाजूला ठेवा. टायर आणि बुश बदला, आणि जुनी एमएम ५४० किंवा जिप्सी पाहायला जाताना चॅसी नंबर घासायला कागद-पेन्सिल बरोबर न्या.